मिशिगनचा कौल कसा वाचावा

8 मार्च 2016 रोजी अमेरिकेच्या मिशिगन राज्यातली डेमोक्रॅटिक पक्षाची अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीची प्रायमरी बर्नी सँडर्स यांनी जिंकली. मतचाचण्यांची सरासरी हिलरी क्लिंटन यांना सुमारे 21 टक्क्यांची आघाडी देत होती. ‘फाइव्हथर्टीएट’ या निवडणूक-अंदाजांच्या संकेतस्थळाने तर त्यांच्या विजयाची शक्यता 99 टक्क्यांहून अधिक मानली होती. प्रत्यक्षात सँडर्स यांना जवळपास 50 टक्के मते पडली, क्लिंटन यांना 48 टक्क्यांच्या थोडी वर. चाचण्या इतक्या सपशेल चुकल्याची उदाहरणे प्रायमरींच्या इतिहासात फार थोडी आहेत.

आपल्याकडे उमेदवारी पक्षश्रेष्ठी देतात, अमेरिकेत ती प्रायमरीतून मतदार देतो. मिशिगनमध्ये मतदाराची पक्षनिहाय नोंदणीही नसते. दोन्हीपैकी कोणत्याही एका पक्षाच्या प्रायमरीत त्याला मत देता येते. त्यामुळे मतदानाला येणार कोण, याचाच अंदाज आधी बांधावा लागतो. त्यासाठी मागच्या निवडणुकीचा आधार घेतात, पण इथे तो नव्हता. 2008 मध्ये राज्याने पक्षाचे वेळापत्रक मोडून मतदान लवकर घेतले होते आणि बराक ओबामा यांचे नाव मतपत्रिकेवरच नव्हते. 2012 मध्ये त्यांना आव्हान नव्हते. शिवाय मोबाइलवर परवानगीशिवाय यंत्राने फोन लावायला कायद्याची बंदी, म्हणून अशा चाचण्या लँडलाइनवर आणि ती अजून बाळगणाऱ्या वयस्कर लोकांवर विसंबलेल्या. सँडर्स यांचे बळ नेमके तरुणांत आणि स्वतःला कोणत्याच पक्षाचे न म्हणवणाऱ्या मतदारांत होते.

या अडचणी खऱ्या आहेत. चाचण्या बनावट असतात असा आरोप करणारे म्हणूनच अन्याय करतात. आमची तक्रार अंदाज चुकल्याची नाही, त्यामागच्या खात्रीची आहे. हाती जुना आधार नाही, निम्म्या लोकांपर्यंत फोन पोचतो की नाही ठाऊक नाही, आणि तरी 99 टक्के?

क्लिंटन यांच्या गोटाने मात्र हा निकाल फारसा मनावर घेऊ नये, असेही म्हणता येत होते, आणि त्यात तथ्य होते. त्याच दिवशी मिसिसिपीत त्यांना 80 टक्क्यांहून अधिक मते मिळाली. पक्षाचा उमेदवार निवडणारे प्रतिनिधी मिशिगनमधून सँडर्स यांना 67 आणि क्लिंटन यांना 63 मिळाले. दोन्ही राज्ये मिळून त्या दिवशी पुढे त्याच राहिल्या. मिशिगनच्या कृष्णवर्णीय मतदारांनीही बहुमताने त्यांनाच साथ दिली. उमेदवारीचे गणित बदलले नव्हते.

तरीही गणितापलीकडे त्या रात्री बरेच काही दिसत होते. मोटार कारखान्यांच्या या राज्यात नाफ्टा हा मुक्त व्यापार करार रोजगार गेल्याचा विषय होता. तो 1994 पासून लागू झाला, बिल क्लिंटन यांच्या सहीने. सँडर्स वर्षानुवर्षे अशा करारांच्या विरोधात बोलत आले होते. आणि त्याच दिवशी, त्याच राज्यात, रिपब्लिकन प्रायमरी डोनाल्ड ट्रम्प यांनी जिंकली, तेही याच करारांवर तुटून पडत. दोन टोकांचे दोन उमेदवार एकाच तक्रारीला हात घालून जिंकत असतील, तर ती तक्रार चाचण्यांना वाटते त्याहून खोल आहे, एवढे तरी ओळखायला हवे होते.

नोव्हेंबरमध्ये ट्रम्प यांनी मिशिगन 10,704 मतांनी जिंकले. सँडर्स उभे असते तर चित्र वेगळे दिसले असते, हा त्यांच्या समर्थकांचा दावा आम्हाला मान्य होत नाही. प्रायमरीत सुमारे 12 लाख लोकांनी मत दिले होते, नोव्हेंबरमध्ये सुमारे 48 लाखांनी; बाराच्या कौलावरून अठ्ठेचाळीसांचे मन सांगता येत नाही. पण इशारा म्हणून तो पुरेसा होता. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्येही एप्रिलच्या प्रायमरीत सँडर्स जिंकले होते, आणि उमेदवारी मिळाल्यावर क्लिंटन तिथे प्रचाराला एकदाही गेल्या नाहीत. तेही राज्य हातचे गेले.

नोव्हेंबरच्या निवडणुकीआधीच्या राज्यांतल्या अनेक चाचण्यांत उच्चशिक्षितांचे प्रमाण वास्तवापेक्षा जास्त भरले होते आणि ते दुरुस्त केले गेले नव्हते, असे मतचाचणी व्यावसायिकांच्या संघटनेने मे 2017 च्या अहवालात नोंदवले. 8 मार्च ते 8 नोव्हेंबर असे आठ महिने हाताशी असताना हे नमुने पुन्हा तपासणे अशक्य नव्हते.