अहवाल नॉर्मल, थकवा कायम!

पहाटे साडेपाचला उठून डबे करायचे, धावतपळत लोकल गाठायची, आठ-नऊ तास कार्यालयात घालवायचे, परतताना भाजी घ्यायची, रात्री मुलांचा अभ्यास आणि सासूबाईंची औषधे पाहायची. वर्षानुवर्षे हे सारे निभावणाऱ्या पंचेचाळिशीतील स्त्रीला एके दिवशी जाणवते, की स्थानकाचा जिना चढतानाही पाय जड होत आहेत. रविवारी दुपारभर झोप काढली तरी सोमवार उजाडतो तो थकलेलाच. शेवटी घरच्यांच्या आग्रहावरून ‘फुल बॉडी चेकअप’चे पॅकेज घेतले जाते. साठ-सत्तर चाचण्यांचा अहवाल हाती पडतो. त्यात लाल अक्षरात काहीच नसते. ‘सगळे नॉर्मल आहे, वयाचा परिणाम असेल, जरा आराम करा,’ असे ऐकून ती घरी परतते. थकवा मात्र तिच्याबरोबरच परत येतो.

हे कोण्या एकीचे चित्र नव्हे. मुंबई, ठाणे, पुण्यातील असंख्य घरांत स्त्रियांबरोबर पुरुषांचीही हीच कहाणी ऐकू येते. चाचण्यांची सोय पूर्वी कधी नव्हती इतकी सुलभ झाली, रक्ताचा नमुना घ्यायला माणूस घरी येऊ लागला. तरीही ‘मला एवढे थकायला का होते?’ या साध्या प्रश्नाचे उत्तर अनेकांना मिळत नाही. असे का होते, हे समजून घेण्यासाठी आधी ‘नॉर्मल’ या शब्दाचाच अर्थ तपासावा लागतो.

‘नॉर्मल’ म्हणजे नेमके काय?

प्रयोगशाळेच्या अहवालात प्रत्येक आकड्यापुढे एक मर्यादा छापलेली असते. निरोगी मानल्या गेलेल्या लोकांची तपासणी करून त्यांतील मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे ज्या पट्ट्यात येतात, तो पट्टा बहुतेक चाचण्यांत सामान्य मानला जातो. याचे दोन परिणाम होतात. पहिला असा, की निरोगी माणसाच्याही परस्परांशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर त्यांतील किमान एक मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. त्यामुळे चाचण्यांची संख्या वाढवली की उत्तर सापडतेच असे नाही. नवी काळजी मात्र हमखास सापडते. दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. एखादा आकडा पट्ट्यात बसला, म्हणजे तो त्या विशिष्ट व्यक्तीसाठी पुरेसा आहे, असे सिद्ध होत नाही. शिवाय जी चाचणी केलीच नाही, तिच्याविषयी अहवाल काहीच सांगत नाही.

लोहाची रिकामी तिजोरी

याचे ठळक उदाहरण म्हणजे लोह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ या पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्क्यांच्या आसपास होते. पण रक्तक्षय ही लोहाच्या कमतरतेची शेवटची पायरी आहे. शरीर आधी साठवलेले लोह वापरते आणि तो साठा आटल्यानंतरच हिमोग्लोबिन घसरू लागते. घरखर्च नीट चालला आहे म्हणून ठेवी शाबूत असतीलच असे नाही, तसाच हा प्रकार.

हा साठा मोजणारी ‘फेरिटिन’ ही चाचणी कित्येक पॅकेजांत नसते. असली, तरी तिचा अर्थ लावताना सावध राहावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार निरोगी प्रौढांत फेरिटिन १५ च्या खाली गेल्यास लोहाची कमतरता मानली जाते. मात्र शरीरात संसर्ग वा दाह असेल, तर फेरिटिन खोटेच वाढलेले दिसते. म्हणून अशा वेळी ७० च्या खालचा आकडाही संशयास्पद धरण्यास सांगण्यात आले आहे. फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रक्तक्षय नसलेल्या, परंतु फेरिटिन ५० च्या खाली असलेल्या १९८ थकलेल्या स्त्रिया सहभागी होत्या. त्यांतील काहींना बारा आठवडे लोहाच्या गोळ्या दिल्या. त्यांचा थकवा सुमारे ४८ टक्क्यांनी कमी झाला. नुसत्या दिखाऊ गोळ्या घेणाऱ्यांचा २९ टक्क्यांनी. या दोन आकड्यांत दोन्ही बाजूंचा धडा आहे. लोहाचा उपयोग झाला हे खरे. पण कोणीतरी दखल घेतली एवढ्यानेही थकवा बऱ्यापैकी उतरला, हेही तितकेच खरे.

साठा का आटला, हा प्रश्न त्यापुढचा. चाळिशीनंतर वाढलेला मासिक रक्तस्राव हे नेहमीचे कारण. पुरुषांत किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीत लोह कमी आढळले, तर पोटातून वा आतड्यातून रक्त जाते आहे काय, हे पाहणे अत्यावश्यक ठरते. नुसत्या गोळ्या देऊन तो विषय संपवणे धोक्याचे असते.

पुण्याचा धडा

ब-१२ जीवनसत्त्वाची कथा तर आपल्या दारातलीच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी होते आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्क्यांवर पोहोचले होते. शाकाहार हे त्याचे एक प्रमुख कारण. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे घेतले जाणारे मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तावरच्या काही गोळ्यांमुळेही ब-१२ चे शोषण घटते.

ब-१२ कमी झाले की तांबड्या पेशी मोठ्या होतात, असे शिकवले जाते. पण त्याच रुग्णात लोहही कमी असेल, तर पेशी लहान होण्याची प्रवृत्ती असते. दोन्ही कमतरता एकत्र आल्या, की पेशींचा सरासरी आकार चक्क सामान्य दिसतो! रक्तक्षय नसतानाही ब-१२ च्या अभावाने मज्जासंस्थेवर परिणाम होऊ शकतो, हे १९८८ पासून वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेले आहे. हातापायांना मुंग्या, तोल जाणे, विसरभोळेपणा यांची जोड थकव्याला असेल, तर केवळ रक्तपेशींच्या गणनेवर विसंबून चालत नाही.

रक्तात न दिसणारी कारणे

काही कारणे रक्ताच्या कुठल्याच बाटलीत सापडत नाहीत. मुंबईतील हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया यांच्या चमूने ३५ ते ६५ वर्षांच्या पुरुषांचा अभ्यास करून २००४ मध्ये दाखवून दिले, की त्यांतील १९.५ टक्के जणांच्या श्वासात झोपेत अडथळे येत होते आणि ७.५ टक्के जणांत दिवसा पेंग येण्यासह ‘स्लीप ॲप्निया’चे पूर्ण चित्र होते. घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण, असा समज आपल्याकडे अजूनही आहे. प्रत्यक्षात घोरणाऱ्या माणसाचा श्वास रात्रीत कित्येकदा अडतो, मेंदू त्याला अर्धवट जागे करतो आणि सकाळी आठ तास झोपूनही तो शिणलेलाच उठतो. निदान होते ते झोपेच्या चाचणीने, आणि पहिला पुरावा बहुधा जोडीदाराच्या तक्रारीत असतो.

स्त्रियांच्या बाबतीत रजोनिवृत्तीपूर्वीचा काळ असाच दुर्लक्षित राहतो. भारतात पाळी थांबण्याचे सरासरी वय ४६-४७ च्या आसपास, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा काही वर्षे अलीकडे आहे. त्यामुळे बदलांना चाळिशीच्या सुरुवातीलाच आरंभ होऊ शकतो. रात्री दरदरून घाम येतो, झोप मोडते, चिडचिड वाढते. या काळात संप्रेरकांची पातळी आठवड्यागणिक बदलते, म्हणून एका दिवसाचा रक्ताचा आकडा फसवा ठरतो. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २०१५ पासूनच ४५ वर्षांवरील स्त्रियांत रक्तचाचणीऐवजी लक्षणांवरून निदान करण्याचा सल्ला दिला आहे.

उलट बाजूही आहे. थायरॉईडचा आकडा जरासा वर सरकला, की सारा दोष त्याच्या माथी मारला जातो. युरोपात ६५ वर्षांवरील ७३७ जणांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा सौम्य दोषासाठी गोळ्या देऊनही थकव्यात फरक पडला नव्हता. ते निष्कर्ष मध्यमवयीनांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरीही मिळालेला पहिला आकडा हेच उत्तर, असे मानण्याची घाई टाळावी, हा इशारा त्यातून मिळतो.

मन, घर आणि कामाचे ओझे

जगभरातील प्राथमिक वैद्यकीय सेवेतील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये घेण्यात आला. थकव्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांत रक्तक्षय सुमारे ३ टक्के, तर नैराश्य १८ टक्क्यांहून अधिक जणांत आढळले. कर्करोगाचे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली होते. हे आकडे प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतले. आपल्याकडे रक्तक्षयाचा वाटा मोठा असणार हे उघड आहे. पण मनाचा वाटा आपल्याकडे नाही, असे मानण्यास जागा नाही.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १८ ते ५० वयोगटातील सुमारे अडीच हजार स्त्रियांची केलेली पाहणी २००५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. त्यात १२ टक्के स्त्रियांनी सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा असल्याचे सांगितले. या थकव्याचा सर्वांत ठळक संबंध आढळला तो मानसिक अस्वास्थ्याशी आणि स्त्री म्हणून वाट्याला येणाऱ्या दुय्यमतेशी. कर्जात बुडालेले घर आणि मागच्या काही महिन्यांत उपाशी राहावे लागणे, या गोष्टीही त्याच्याशी जोडलेल्या होत्या. २०२४ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात स्त्रिया बिनमोल घरकामासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर पुरुष ८८ मिनिटे, असे नोंदले गेले. नोकरीच्या आधी आणि नंतर वाट्याला येणारी ही पाळी कोणत्याही अहवालात छापली जात नाही.

मात्र येथेच एक सापळाही आहे. अहवाल नॉर्मल आला की ‘मनाचे आहे’ असा शिक्का मारणे सोपे असते. नैराश्य हे लक्षणांच्या आधारे करण्याचे निदान आहे. बाकी काही सापडले नाही म्हणून उरलेल्या जागी टाकण्याचा शब्द नव्हे.

या शिक्क्याची सर्वाधिक झळ ‘क्रॉनिक फटिग सिंड्रोम’च्या रुग्णांना बसली. अमेरिकेच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने २०१५ मध्ये हा विकार खरा आणि शारीरिक असल्याचे स्पष्ट केले. सहा महिन्यांहून अधिक टिकणारा, पूर्वीची कामे अशक्य करणारा थकवा, झोपूनही ताजेतवाने न वाटणे आणि थोड्या श्रमानंतर लक्षणे एकदम बळावणे, ही त्याची प्रमुख खूण. सोबत विचारांत गोंधळ किंवा उभे राहिल्यावर त्रास. त्याच्या निदानासाठी आजही एखादी खात्रीची रक्तचाचणी नाही. २०२० नंतर कोविडमधून उठलेल्या अनेकांत असेच चित्र दिसल्याने या विकाराकडे नव्याने लक्ष वेधले गेले. अशा रुग्णाला ‘व्यायाम वाढवा’ हा सरसकट सल्ला अपायकारक ठरू शकतो. ‘नाइस’ने टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याचा उपचार २०२१ मध्ये शिफारशींतून काढून टाकला.

हरवलेला अर्धा तास

या साऱ्या कारणांत एक समान धागा आहे. त्यांचा सुगावा यंत्रापेक्षा आधी विचारपूस करताना लागतो. पाळीत रक्तस्राव किती होतो, जेवणात काय असते, कोण घोरते, कोणत्या गोळ्या चालू आहेत, थकवा सकाळी असतो की श्रमांनंतर दुसऱ्या दिवशी येतो, घरात काय चालले आहे? रक्तदाबावरची काही औषधे किंवा ॲलर्जीच्या गोळ्याही मरगळ आणतात. पूर्वी कुटुंबाच्या डॉक्टरांना यांतील निम्मी उत्तरे न विचारता ठाऊक असत. आज रुग्ण एका तज्ज्ञाकडून दुसऱ्याकडे जातो. प्रत्येक जण आपापला अवयव तपासून निर्वाळा देतो आणि संपूर्ण माणूस कोणाच्याच टेबलावर येत नाही. चाचण्यांच्या पॅकेजला किंमत ठरलेली आहे. ऐकून घेण्याच्या अर्ध्या तासाला ती नाही. ही पोकळी मग सलाईन, ताकदीची इंजेक्शने आणि जाहिरातबाज चूर्णे भरून काढतात.

रुग्णाच्या हाती काही गोष्टी नक्कीच आहेत. दोन आठवडे झोप, जेवण, पाळी, श्रम आणि थकवा यांची साधी नोंद ठेवावी. सर्व औषधांची यादी व जुने अहवाल सोबत न्यावेत. ‘थकवा येतो’ एवढेच न सांगता ‘पूर्वी जे करत होते, त्यातले आता काय जमत नाही’ हे सांगावे. वजन घटणे, सतत ताप, रात्री घाम, धाप, छातीत दुखणे, काळसर शौच यांपैकी काही असेल, तर थांबू नये. आणि जगणे नकोसे वाटत असेल, तर तेही तितक्याच तातडीने सांगावे.

आणि अहवाल नॉर्मल आलाच, तर तेथून उठण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारावा: ‘यामुळे कोणती कारणे मागे पडली आणि कोणती अजून पाहायची राहिली?’ पुढच्या भेटीची तारीखही तेव्हाच ठरवून घ्यावी.