चिमटीभर तपासणी, टनभर भरवसा

भंडाऱ्याच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत २४ जानेवारी २०२५ ला स्फोट झाला, ८ जण गेले. टीव्हीसमोर आमचे काका म्हणाले, "अरे, आपल्या पाषाणला एवढी लॅब आहे ना? आधी तापवून बघत नाहीत का?"

भंडाऱ्यात नेमकं काय झालं त्यात मी शिरत नाही. माझं भांडण काकांच्या प्रश्नामागच्या समजुतीशी आहे : एकदा लॅबमध्ये पास, की कायमचं सुरक्षित!

बघतात ना काका. सुतारवाडीच्या एचईएमआरएलचं कामच स्फोटकांवरच्या संशोधनाचं. अशा ठिकाणी नवा पदार्थ आधी काही मिलिग्रॅमच घेतात, इवल्याशा वाटीत ठेवतात आणि ठरावीक वेगाने तापवत तो कधी उष्णता सोडू लागतो ते पाहतात. उडालाच, तर वाटी जाते, माणूस वाचतो. शहाणपणाचीच पद्धत आहे.

पण मिळालेला आकडा त्या चिमटीचा असतो. वेगाने तापवलं तर तोच पदार्थ जास्त तापमानापर्यंत टिकल्यासारखा दिसतो. शिवाय चिमटीतली उष्णता लगेच बाहेर पडते, ढिगाच्या पोटातली पडत नाही. चमचाभर खिचडी फुंकर मारली की निवते. पातेल्याच्या मधली अर्ध्या तासानेही जीभ भाजते. स्फोटकाचा ढीग तर आतून स्वतःच उष्णता तयार करू शकतो, आणि ती अडकली की आणखी तापतो. म्हणजे वाटीत जे तापमान बिनधोक दिसलं, तेच गोदामात आठवडाभर राहिलं तर घातक ठरू शकतं.

आणि शेजार? १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर सुमारे १४०० टन स्फोटकं होती, आणि सोबत कापसाच्या गासड्या. आधी पेटला तो कापूस. स्फोटकांची चिमूट कितीही तपासली असती, तरी कापूस शेजारी का ठेवला हे वाटीने सांगितलं नसतं.

म्हणून "टेस्ट झालीय" असं कुणी छातीठोकपणे सांगितलं की मी तीन प्रश्न विचारतो. किती घेतलं होतं? किती वेगाने तापवलं? आणि प्रत्यक्षात किती, कशाशेजारी, किती दिवस ठेवणार? उत्तरं नसतील तर तो कागद म्हणजे नुसता ताईत.

काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मग तपासतात कशाला?" काका, पहिली पायरी म्हणून! पहिल्याच पायरीला गच्ची समजू नये, एवढंच. असो.