शाळेचा तास आणि सागराची तिथी

विद्यार्थ्यांना अष्टमीच्या दुपारी समुद्रकिनारी नेणाऱ्या शिक्षकाचा हेतू कितीही स्तुत्य असला, तरी त्याने पंचांग पाहिलेले नसते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की आपल्याकडच्या भरतीची वेळ स्थूलमानाने निघते, हा हिशेब कोळीवाड्यात सर्वांना मुखोद्गत आहे: चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता भरती आणि भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. म्हणजे ऐन शाळेच्या वेळी, भर मध्यान्ही येणारी ओहोटी भांगाची. पाणी जेमतेम मागे सरते आणि ज्या खडकांवर पाहण्याजोगे काही असते ते बुडालेलेच राहतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मात्र समुद्र दूरवर ओसरतो, पण तो सकाळी वा सायंकाळी सहाच्या सुमारास, जेव्हा शाळेला कुलूप असते.

पर्यावरण हा विषय शाळांतून सक्तीने शिकवावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली दिला. त्याची अंमलबजावणी आपण मुख्यत्वे प्रकल्पवहीत केली. दुकानातून आणलेली खारफुटीची चित्रे चिकटवून गुण मिळविणाऱ्या मुलाने तिवराचे पान कधी जिभेला लावले असते, तर नको असलेले मीठ पानावाटे बाहेर टाकणारे आणि प्राणवायूविरहित गाळात श्वसनासाठी बोटाएवढी मुळे वर उभी करणारे हे झाड परीक्षेनंतरही त्याच्या स्मरणात राहिले असते. त्याच चिखलावर परांच्या आधाराने सरकणारी निवटी तर, मासा पाण्याबाहेर तडफडून मरतो असे घोकलेल्या मुलास चांगलेच विचारात पाडते.

काही विपरीत घडल्यास जबाबदारी कोणाची, हा मुख्याध्यापकांचा सवाल रास्त आहे, कारण पाणी फिरले की खडकाला मागून वेढा पडतो. परंतु नेमके केव्हा परतावे हे वर्षानुवर्षे कालवे काढणाऱ्या गावातील स्त्रियांना जितके कळते तितके आपल्या पदवीधर शिक्षकांना कळत नाही, आणि त्या स्त्रियांना सन्मानाने सोबत घेऊन सादिलवार खर्चातून मानधन देण्यास कोणाची हरकत असू नये.

शिक्षणखात्याने पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारी शाळांना, पावसाळा वगळून, उधाणाच्या दिवसांत ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर वर्ग भरविण्याची मुभा एका परिपत्रकाने द्यावी, आणि त्या दिवसाची हजेरी तेथेच घ्यावी.