गवंडी आपला, ठेका दुसऱ्याचा : सरकारी कामांत आपण कुठे आहोत?

एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटकच्या राज्यपालांनी तिथल्या सरकारी खरेदी कायद्याचे दुरुस्ती विधेयक राष्ट्रपतींकडे पाठवले. दोन कोटींपर्यंतच्या बांधकामांत प्रवर्ग २ बी, म्हणजे मुस्लिम समाजासाठी, चार टक्के वाटा राखून ठेवण्याची तरतूद त्यात आहे. वाहिन्यांवर त्यावरून मोठा गदारोळ झाला. अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागास प्रवर्गांना त्याच कायद्यात आधीपासून वाटा आहे, हे मात्र फारसे कोणी सांगितले नाही.

महाराष्ट्रात असा वाटा नाही आणि लगेच मिळेल अशी चिन्हेही नाहीत. म्हणून आम्हाला प्रश्न वेगळा वाटतो. जे दरवाजे आज उघडे आहेत, त्यातून आपण किती जण आत जातो?

मालेगाव घ्या, भिवंडी घ्या, नांदेड घ्या. गवंडी, सेंटरिंगवाला, फिटर, फरशीवाला, प्लंबर गल्लोगल्ली सापडतील. शाळेच्या खोल्या, नाल्या, रस्ते यांवर हात आपलेच असतात. पण कामाच्या फलकावर कंत्राटदार म्हणून नाव दुसऱ्याचे असते. आपला माणूस फार तर पेटी कंत्राटदार असतो.

पेटी कामातला धोका

जुलै २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यातील एका तरुण कंत्राटदाराने आत्महत्या केली. जलजीवन मिशनच्या कामाचे सुमारे एक कोटी चाळीस लाख रुपये अडकल्याचे त्यावेळी सांगितले गेले. सरकारचे उत्तर असे होते की त्यांच्या नावावर आमच्याकडे देयकच नाही, ते उपकंत्राटदार होते. या उत्तरावर संताप झाला आणि तो रास्तही होता. पण त्यातला धडा विसरू नका. ज्याचे कागदावर नाव नाही, त्याचा सरकारदरबारी हक्कही नाही. घाम तुमचा, उधारी तुमची आणि बिल मात्र तिसऱ्याच्या खात्यात, असा हा मामला आहे.

दरवाजा कुठे आहे?

सार्वजनिक बांधकाम विभागात कंत्राटदारांची नोंदणी वर्गवार होते. वरच्या वर्गासाठी ऐपतीचा दाखला, आधी केलेल्या कामांची प्रमाणपत्रे, यंत्रसामग्री असे बरेच काही लागते. नवख्याला हे जमत नाही. पण दोन वाटा खास लहान माणसासाठी ठेवलेल्या आहेत. एक, सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी. दुसरी, मजूर सहकारी संस्था. लहान कामांतला ठराविक हिस्सा या दोघांसाठी राखीव असतो आणि तो जिल्ह्याच्या काम वाटप समितीमार्फत दिला जातो.

आपल्या मुलांनी गेल्या काही वर्षांत सिव्हिलचा डिप्लोमा, पदवी घेतली आहे. त्यातले बरेच जण आखाती देशाच्या व्हिसाची वाट बघत बसतात किंवा कुठल्या साइटवर तुटपुंज्या पगारावर सुपरवायझर होतात. या नोंदणीचे नावही त्यांच्या कानावर गेलेले नसते. मजूर संस्थांबद्दल तर बोलायलाच नको. खरे मजूर ज्या वस्तीत राहतात तिथे संस्था नाही, आणि अनेक ठिकाणी संस्था आहे पण सभासदांत मजूर शोधावा लागतो.

निविदा भरताना

ठराविक रकमेवरची कामे महाटेंडर्स या सरकारी पोर्टलवर निघतात. डिजिटल सिग्नेचर लागते, बयाणा रक्कम भरावी लागते. लिफाफे दोन असतात : पहिल्यात कागदपत्रे, दुसऱ्यात दर. पहिल्या लिफाफ्यात आवश्यक कागद कमी पडला तर दुसरा उघडतच नाही. कित्येक लोक दरात हरत नाहीत, कागदात हरतात.

दुसरी चूक म्हणजे काम हातचे जाऊ नये म्हणून वाटेल तितके 'बिलो' जाणे. आधी हिशेब करा. जीएसटी वगळून दहा लाखांचे बिल निघाले, तर दोन टक्के जीएसटी टीडीएस, वैयक्तिक कंत्राटदाराचा एक टक्का आयकर टीडीएस आणि एक टक्का कामगार उपकर, असे चाळीस हजार जागच्या जागी कापले जातात. सुरक्षा ठेव वेगळी, आणि ती दोष दायित्वाचा काळ संपेपर्यंत अडकते. यातले तीस हजार टीडीएसचे आहेत. रिटर्न वेळेवर भरणाऱ्याला ते हिशेबात मिळतात, न भरणाऱ्याचे गेलेच समजा. शिवाय जुलै २०२२ पासून सरकारी बांधकामावरचा जीएसटी बाराऐवजी अठरा टक्के झाला. निविदेतला दर करासह आहे की वगळून, हे वाचल्याशिवाय आकडा टाकू नका.

तिसरा गैरसमज उद्यम नोंदणीचा. हे प्रमाणपत्र असले की बयाणा माफ आणि ४५ दिवसांत पैसे, असे एजंट सांगतात. केंद्राचे २०१२ चे खरेदी धोरण वस्तू आणि सेवांसाठी आहे, बांधकामाच्या ठेक्यासाठी नाही. ४५ दिवसांच्या कायद्याबाबतही मुंबई उच्च न्यायालयाने असे ठेके त्यात बसत नाहीत, असे निकाल दिलेले आहेत.

पैसा येणार कधी?

खरे दुखणे इथे आहे. २०२५ मध्ये राज्यातील कंत्राटदार संघटनांनी थकबाकीचा आकडा सुमारे ८९ हजार कोटी रुपये सांगितला. मोठी कंपनी दोन वर्षे थांबू शकते, लहान माणूस दोन महिन्यांत सावकाराच्या दारात जातो. आपल्यात अनेकांना व्याज नको असते, त्यामुळे त्यांची कोंडी आणखी वाढते. त्यावर उपाय शिरकतीचा आहे. एकाचे भांडवल, एकाचा डिप्लोमा, एकाचे मिस्त्रीकाम, आणि नफा-तोट्याची नोंदणीकृत, लेखी भागीदारी. तोंडी वायद्यावर ठेका चालत नाही.

सरकारकडे मागणी एकच असावी : लहान कामांची देयके आधी द्या आणि कोणाचे बिल कितव्या क्रमांकावर आहे ती यादी जाहीर करा. ही मागणी एका समाजाची नाही, प्रत्येक लहान कंत्राटदाराची आहे. ती सर्वांनी मिळून केली तरच ऐकली जाईल.

आणि आपल्याकडून? प्रत्येक शहरात एखाद्या संस्थेने, शाळेने किंवा जमातखान्याने आठवड्यातून एक संध्याकाळ नोंदणी आणि निविदेच्या कागदांसाठी द्यावी. निधी मंजूर आहे का, हे पाहूनच काम घ्यावे. मोजमाप पुस्तिकेत नोंद झाल्याची खात्री करूनच पुढचा थर टाकावा. आरक्षणाचा निकाल लागायचा तेव्हा लागेल, पण सिव्हिलचा डिप्लोमा हातात असलेल्या मुलाला अर्ज करायला आजही कोणी अडवलेले नाही.