खेळास सम असावी
(वाचकांच्या पत्रांस उत्तर)



गतवर्षींच्या अंकांत मोबाइल व अभ्यास या विषयावर मीं एक छोटेखानी टिपण लिहिलें होतें; आणि त्यांत व्हिडिओ गेम व त्यांतील संगीत यांस ‘काळाचा अपव्यय व कानांस शिक्षा’ असें म्हणून मी मोकळा झालों होतों. त्या एका वाक्यावर वर्षभरांत चार पत्रें आलीं: एक आठवींतील विद्यार्थ्याचें, एक आमच्या माजी विद्यार्थ्याचें, एक नववींतील विद्यार्थिनीचें आणि एक पालकांचें. चारही पत्रें सभ्य भाषेंत आहेत. परंतु सर्वांचा रोख एकच आहे, कीं मास्तरांनीं निकाल दिला, पण साक्षीपुरावा घेतला नाहीं. हा आरोप मला मान्य करणें भाग आहे. म्हणून पत्रलेखकांचीं नांवें न देतां आज एकेका पत्रास उत्तर देतों.

आठवींतील विद्यार्थी लिहितो, “सर, आपण बुद्धिबळाच्या स्पर्धेस बक्षीस देतां आणि मोबाइलवरील खेळ दिसला कीं रागावतां. पटावर खेळलेला खेळ चांगला आणि कांचेवर खेळलेला वाईट, असें कां?”

बाळ, तुझा प्रश्न बिनतोड आहे. खेळ कांचेवर मांडला एवढ्यावरून तो वाईट ठरत नाहीं. तूं लहानपणीं जी सापशिडी खेळलास तिचें मूळ आपल्याकडील मोक्षपटांत आहे. सद्गुणांच्या शिड्या व दुर्गुणांचे साप दाखवून नीति शिकविणारा हा पट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत गेला आणि छापील खेळ होऊन जगभर पसरला. म्हणजे शिकवण आणि करमणूक एका पटावर बसविण्याची युक्ति आपल्या पूर्वजांस ठाऊक होती. आजचें उदाहरण हवें असेल तर तें पुण्यांत आहे. तेथील नोडिंग हेड्स गेम्स या मंडळीनें ‘राजी’ नांवाचा खेळ २०२० सालीं प्रसिद्ध केला. हरवलेल्या भावाच्या शोधांत निघालेल्या एका मुलीची ती कथा. तिची पार्श्वभूमि राजस्थानांतील वास्तुशिल्पाच्या धर्तीची, आणि कथानक सांगण्यास सावल्यांच्या बाहुल्या. २०१७ सालीं या मंडळीनें लोकांकडे वर्गणी मागितली, तेव्हां हवी ती रक्कम जमली नाहीं. तरी त्यांनीं काम सोडलें नाहीं. आणि पुढें २०२० च्या ‘द गेम अवॉर्ड्स’ या पारितोषिकांत नवोदितांच्या पहिल्या खेळांमध्यें त्यांच्या खेळास नामांकन मिळालें. असा एक खेळ उभा करण्यास चित्रकार लागतो, गणित जाणणारा लागतो, कथा रचणारा लागतो आणि संगीतकारही लागतो. २०२३ सालीं हांगझाऊ येथें झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत तर अशा खेळांस पदकेंही दिलीं गेलीं.

आणि तूं तर दौलताबादचा राहणारा! आपल्या किल्ल्यांतील अंधारी तूं किती वेळां पार केली असशील! खोल खंदक, आंत शिरण्यास एकच वाट, पुढें काळोख, वळणांवर वळणें आणि फसव्या जागा. हल्ला करणारा कोठें वळेल, कोठें थबकेल, कोठें गोंधळेल, याचा विचार हा दुर्ग रचणाऱ्यांनीं आधींच करून ठेवला होता. खेळ रचणारे आज नेमका हाच विचार करतात. फरक इतकाच, कीं अंधारींत शिरलेल्या सैनिकास जीव एकच होता. परंतु एक गोष्ट ध्यानांत ठेव. अंधारी संपते. तिच्यापुढें पायऱ्या आहेत, पायऱ्यांपुढें बारादरी आहे आणि त्याही वर माथा आहे. माथ्यावर पोंचल्यावर मनुष्य बसतो, वारा खातो, चहूंकडे पाहतो आणि घरीं परततो. या गोष्टीकडे मी पुढें पुन्हां येणार आहें.

दुसरें पत्र माजी विद्यार्थ्याचें आहे, आणि त्याचें उत्तर देणें मला सर्वांत जड जातें. कांहीं वर्षांपूर्वीं स्नेहसंमेलनाच्या तालमीच्या वेळीं हा मुलगा पेटीवर एक अनोळखी चाल वाजवीत बसला होता. मीं विचारलें, “हें काय?” तो म्हणाला, “सर, गेममधलें संगीत आहे. ऐकून ऐकून बसविलें.” मीं सर्वांदेखत त्यास म्हटलें कीं, हें संगीत नव्हे, हा यंत्राचा गोंगाट आहे, आणि पेटी दुसऱ्या मुलाकडे दिली. त्यानंतर तो पेटीस बसला नाहीं. आतां तो लिहितो, “सर, ती चाल अजूनही आपणांस संगीत वाटत नाहीं काय?”

या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास मला आमच्या गांवाबाहेर जावें लागलें नाहीं. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, दौलताबादचें नांव देवगिरी होतें तेव्हां, येथें सिंघण यादवाच्या पदरीं शार्ङ्गदेव नांवाचा एक अधिकारी होता. त्याचे आजोबा भास्कर हे काश्मीराहून दक्षिणेंत आलेले. शार्ङ्गदेवाचें काम राजाच्या हिशेबखात्याचें. परंतु त्यानें लिहिलेला ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा ग्रंथ उत्तर व दक्षिण या दोन्ही संगीतपद्धतींस आजही आधारभूत मानला जातो. गीत, वाद्य आणि नृत्य या तिहींस मिळून त्यानें संगीत म्हटलें आहे. ही व्याख्या चांगलीच ऐसपैस आहे. हिशेबनिसानें संगीतावर ग्रंथ लिहावा, त्यास परप्रांतीय घराण्याची पार्श्वभूमि असावी, आणि तरी देवगिरीनें त्यास आपला म्हणावें! ज्या गांवाचा हा लौकिक, त्या गांवच्या मास्तरानें एका मुलास ‘हें संगीत नव्हे’ असें म्हणावें, हें शोभलें नाहीं.

ज्या पेटीवरून मीं त्यास उठविलें, तिची स्वतःची कथा तर याहून बोलकी आहे. पेटी परदेशांतून आली. तिच्यांत मींड निघत नाहीं, श्रुति नीट लागत नाहींत, अशा आक्षेपांवरून १९४० सालीं आकाशवाणीनें तिला वर्ज्य ठरविलें, आणि ती बंदी सैल होण्यास १९७१ साल उजाडलें. दरम्यान आमच्या नाटकांतून, कीर्तनांतून व भजनांतून पेटी वाजतच होती. आमच्या मंडळ्यांतही एके काळीं विलायती चालींवर बसविलेलीं गीतेंच भक्तीस योग्य मानीत. नारायण वामन टिळकांनीं (१८६१–१९१९) अभंग, भजन व कीर्तन उपासनेंत आणलें, आणि आज त्यांच्या रचनांवांचून मराठी उपासना अपुरी वाटते. प्रत्येक पिढीच्या वडिलधाऱ्यांस नवी चाल प्रथम गोंगाटच वाटते. आणि मीही त्यांतलाच एक निघालों.

या पत्रानंतर मीं ती चाल मन लावून ऐकली आणि तिच्याविषयीं वाचलेंही. ती ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या जपानी खेळांतील. १९८५ सालीं कोजी कोंदो यांनीं रचलेली. त्या काळच्या यंत्रांत ध्वनीच्या मोजून पांच वाटा होत्या. त्यांतील मुख्यतः तिहींवर सूर आणि एकीवर केवळ खरखर. त्या खरखरीचाच त्यांनीं ताल केला. शिवाय खेळणारा एक मिनिट थांबेल कीं अर्धा तास, हें रचनाकारास ठाऊक नसतें. म्हणून चाल अशी हवी कीं ती पुन्हां पुन्हां फिरून आली तरी कंटाळा येऊं नये. आमच्याकडे एकल तबलावादनाच्या वेळीं पेटी किंवा सारंगी जो लेहरा धरते, तो याहून निराळा काय आहे? लहानशी चाल, अखंड आवर्तन, आणि तिच्या आधारावर दुसऱ्याचें कर्तृत्व. खेळांतील वेळ संपत आला कीं ती चाल द्रुत होते, हेंही आमच्या कानांस परकें नाहीं. २०२३ सालीं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनें ही चाल जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहींत घातली. त्या वहींत व्हिडिओ गेममधील संगीत प्रथमच आलें. तेव्हां, माझ्या विद्यार्थ्या, ती चाल संगीतच आहे. चूक माझी होती. पेटी शाळेंतच आहे. तूं येऊन वाजव, मी ऐकतों.

तिसरें पत्र नववींतील विद्यार्थिनीचें: अभ्यास करतांना गाणें ऐकावें काय? मुली, याचें उत्तर थोडक्यांत देतां येतें. वाचतांना वा पाठ करतांना शब्द असलेलें गाणें लावूं नये. कारण कानांतले शब्द आणि पुस्तकांतले शब्द एकाच मनांत जागेसाठीं भांडतात. वही आंखतांना, नकाशा रंगवितांना किंवा ठरलेल्या रीतीचीं गणितें सोडवितांना मंद वाद्यसंगीत असल्यास फारसें बिघडत नाहीं. परंतु दिवसांतून एकदां तरी संगीत केवळ संगीत म्हणून ऐक. दुसरें काम करीत ऐकलेलें गाणें कानावरून जातें, मनांत उतरत नाहीं.

चौथें पत्र एका पालकांचें. ते लिहितात, “मुलगा रात्रीं दोन दोन वाजेपर्यंत खेळतो. मोबाइल काढून घेतला तर जेवत नाहीं. फोडून टाकावा असें वाटतें. आपण काय सांगतां?”

महाशय, येथें मला सम आठवते. तालाच्या आवर्तनांत सम ही अशी जागा, कीं जेथें गवई व तबलजी हिंडून फिरून एकत्र येतात आणि श्रोत्याची मान आपोआप हलते. आवर्तनें कितीही होवोत, शेवटीं तिहाई घेऊन कलावंत समेवर थांबतो. आणि तें थांबणेंही संगीताचाच भाग असतें. बुद्धिबळाचा डाव संपतो. किल्ल्याला माथा आहे. ‘राजी’ची कथाही एके ठिकाणीं पुरी होते. परंतु फुकट म्हणून मिळणाऱ्या कित्येक खेळांची रचना थांबूं न देण्यासाठींच केलेली असते. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर नुकसान. आंत काय निघेल हें ठाऊक नसलेली पेटी पैसे देऊन उघडावयाची. एक हंगाम संपतांच दुसरा सुरू. अशा खेळास सम नसते. तेथें मुलगा खेळत नसतो, खेळ त्याला खेळवीत असतो.

हा प्रकार केव्हां रोग ठरतो, याचीही कसोटी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या, १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचींत ‘गेमिंग डिसऑर्डर’ हा विकार नोंदलेला आहे. त्याचीं लक्षणें तीन: खेळण्यावर ताबा न राहणें; इतर आवडी व नित्यकर्में यांहून खेळासच अग्रस्थान मिळणें; आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणें. हीं लक्षणें सामान्यतः बारा महिने दिसून आलीं व त्यांमुळें जीवनक्रम बिघडला, तर तो विकार समजतात. म्हणजे चार दिवसांच्या हट्टास रोग म्हणूं नये, आणि वर्षभराच्या ऱ्हासास हट्ट म्हणून सोडूंही नये.

पैसे लावून खेळावयाच्या खेळांविषयीं मात्र मी कठोर आहें, आणि त्यास कारण आहे. आमच्या वर्गांत एक अत्यंत शांत मुलगा होता. पेटी वाजविणाऱ्या मुलासारखा त्याचा कसलाही आवाज नसे, म्हणून मीं त्यास गुणी समजत असें. पुढें कॉलेजांत गेल्यावर मोबाइलवरील पत्त्यांच्या डावांत त्यानें फीची सगळी रक्कम घालविली, आणि दोन वर्षें घरीं कोणास सांगितलें नाहीं. ज्याचा आवाज ऐकूं आला त्यास मीं दटावलें. ज्याच्याकडून कांहींच ऐकूं येत नव्हतें त्यास मीं कधीं विचारलें नाहीं. माझ्या वीस वर्षांच्या नोकरींत मला याहून मोठा धडा मिळाला नाहीं. २०२५ च्या ऑगस्टमध्यें संसदेनें कायदा करून पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ चालविण्यास बंदी घातली, आणि निखळ स्पर्धेचे व करमणुकीचे खेळ त्यांपासून निराळे काढले. त्या कायद्यांत शिक्षा चालविणाऱ्यांस आहे, खेळणाऱ्यांस नाहीं. म्हणून ज्या घरीं असें कांहीं घडलें असेल, तेथील मुलानें भीतीपोटीं लपवूं नये.

आतां आपल्या मुलाविषयीं. मोबाइल फोडूं नये. फोडल्यानें खेळ शेजारच्या घरीं जातो, आणि मुलगाही त्याच्यामागून जातो. प्रथम एक संध्याकाळ त्याच्याशेजारीं बसून तो काय खेळतो तें पाहावें व त्याच्याकडूनच समजून घ्यावें. नंतर दोघांनीं मिळून सम ठरवावी. ती घड्याळावर नव्हे, डावावर ठरवावी. “आठ वाजतां ठेव” म्हटल्यास डाव अर्धवट राहतो व भांडण होतें. “हा डाव आणि आणखी एक, मग जेवण” म्हटल्यास थांबणें त्याच्या हातीं राहतें. रात्रीं सर्वांचे मोबाइल, आपलाही, स्वयंपाकघरांत ठेवावे. पैसे देण्याची सोय मुलाच्या मोबाइलमध्यें असूं नये. इतकें करूनही वर सांगितलेलीं लक्षणें राहिलीं, तर १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. तेथें फोन करण्यांत कमीपणा नाहीं.

मित्रहो, चारही पत्रांचें मिळून उत्तर एवढेंच आहे. खेळ कोणता आणि चाल कोठली, हें विचारण्याआधीं आपणांस थांबतां येतें काय, आणि थांबल्यावर हातांत कांहीं उरतें काय, हें प्रत्येकानें स्वतःस विचारावें. ज्यानें ऐकलेली चाल पेटीवर बसविली त्याच्या हातांत कांहीं उरलें होतें; मीं तें पाहिलें नाहीं.

असो. पुढील अंकासाठींही पत्रें जरूर पाठवावीं. मास्तरांच्या चुका दाखविणारीं पत्रें प्रथम उघडलीं जातील.