ओघ आटल्यावर उरते ते फुटबॉल

फुटबॉलची जुनी केंद्रे सोडून एखादा नामवंत खेळाडू नव्याने श्रीमंत झालेल्या लीगमध्ये जातो, तेव्हा त्याच्यावर लोभाचा आणि त्या लीगवर खेळ नासवल्याचा आरोप होतो. सौदी अरेबियातील अल नस्र या क्लबने डिसेंबर २०२२ मध्ये क्रिस्तियानो रोनाल्डोशी करार केल्यापासून हे दोन्ही आरोप युरोपातून सातत्याने ऐकू येतात. गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास तपासला तर त्यातील पहिला आरोप बहुतांशी अन्याय्य ठरतो आणि दुसरा अपुरा. खेळाडूला किती मिळाले यापेक्षा तो पैसा कोणाचा होता, कशासाठी ओतला गेला आणि त्याचा ओघ थांबला त्या दिवशी मैदानावर काय शिल्लक राहिले, हे प्रश्न अधिक मोलाचे आहेत, कारण असा ओघ आजवर बहुतेक ठिकाणी केव्हा ना केव्हा आटलाच आहे.

या प्रकारचे पहिले ठळक उदाहरण कोलंबियाचे. एप्रिल १९४८ मध्ये बोगोटा शहरात होर्हे गाइतान या लोकप्रिय नेत्याची हत्या झाली, राजधानीत भीषण दंगल उसळली आणि त्याच वर्षी त्या होरपळलेल्या देशात ‘दिमायोर’ ही व्यावसायिक लीग सुरू झाली. देशातील जुन्या फुटबॉल संघटनेशी या लीगचे बिनसले आणि जागतिक फुटबॉल महासंघाने, म्हणजे फिफाने, तिला बहिष्कृत केले. पण ही शिक्षाच तिच्या पथ्यावर पडली. एका क्लबातून दुसऱ्या क्लबात खेळाडू नेताना मूळ क्लबला द्यावी लागणारी भरपाई म्हणजे हस्तांतरण शुल्क. फिफाच्या नियमांबाहेर असलेल्या कोलंबियन क्लबांवर ते देण्याचे बंधन उरले नाही आणि वाचलेला सारा पैसा त्यांना थेट खेळाडूंच्या हाती देता आला. दक्षिण अमेरिकेतीलच अर्जेंटिनात खेळाडूंनी १९४८ मध्ये संप पुकारलेला होता व त्यांच्या वेतनावर कमाल मर्यादा लादली जात होती. परिणामी आदोल्फो पेदेर्नेरा, नेस्तोर रोस्सी आणि तरुण आल्फ्रेदो दि स्तेफानो हे तिघेही बोगोटाच्या मिलोनारिओस क्लबात दाखल झाले. कोलंबियात तो काळ ‘एल दोरादो’, म्हणजे सुवर्णनगरी, या नावाने ओळखला जातो.

या प्रकरणाची इंग्लंडमधील बाजू अधिक बोलकी आहे. १९५० साली तेथील कोणत्याही व्यावसायिक खेळाडूला, तो कितीही थोर असला तरी, आठवड्याला १२ पौंडांहून अधिक वेतन देण्यास मनाई होती. शिवाय करार संपल्यावरही खेळाडूची नोंदणी क्लबच्या ताब्यात राहत असे, त्यामुळे क्लबने सोडल्याशिवाय त्याला दुसरीकडे खेळता येत नसे. हजारो प्रेक्षकांच्या तिकिटांचे उत्पन्न क्लबच्या तिजोरीत जात होते आणि ज्याच्यासाठी ते प्रेक्षक येत होते त्याचा वाटा मात्र कायमचा गोठवलेला होता. स्टोक सिटीचा नील फ्रँकलिन हा इंग्लंडचा भरवशाचा मध्य बचावपटू १९५० च्या विश्वचषकावर पाणी सोडून बोगोटाच्या सांता फे क्लबात गेला, तो या पार्श्वभूमीवर. तिकडचे जीवन त्याच्या कुटुंबाला मानवले नाही आणि काही महिन्यांतच तो परतला. पण मायदेशात त्याच्यावर बंदी घालण्यात आली आणि इंग्लंडकडून तो पुन्हा कधीही खेळला नाही. त्याला लोभी ठरवणाऱ्यांनी त्या १२ पौंडांचा हिशेब कधी मांडला नाही. ही वेतनमर्यादा १९६१ मध्ये उठली, १९६३ मध्ये जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूच्या खटल्यात न्यायालयाने नोंदणी रोखून धरण्याच्या पद्धतीवर ताशेरे ओढले, आणि फ्रँकलिनसारख्यांनी ज्यासाठी बोल लावून घेतला तो हक्क पुढच्या पिढीला सनदशीरपणे मिळाला. फुटबॉलपटूची कारकीर्द जेमतेम पंधरा वर्षांची असते आणि एका दुखापतीने ती कोणत्याही दिवशी संपू शकते, हे लक्षात घेता आपल्या श्रमाचे पुरेपूर मोल मागणाऱ्या खेळाडूला दोष देणे उचित नाही.

कोलंबियाला मात्र या वैभवातून टिकाऊ असे फारसे मिळाले नाही. १९५१ च्या लिमा करारानुसार परदेशी खेळाडूंना १९५४ पर्यंत मूळ क्लबांकडे परत पाठवण्याचे ठरले. दि स्तेफानो १९५३ मध्ये रेआल माद्रिदला गेला आणि १९५६ पासून सलग पाच युरोपीय चषक त्या क्लबाच्या नावावर लागले. पाहुण्यांच्या खेळाने बोगोटातील प्रेक्षकांचे डोळे दिपले, पण कोलंबियाच्या राष्ट्रीय संघाला विश्वचषकाचे दार १९६२ मध्ये एकदा उघडले आणि त्यानंतर थेट १९९० मध्ये. अमेरिकेतही पुढे याच वळणाची कथा घडली. न्यूयॉर्क कॉसमॉस क्लबने १९७५ मध्ये पेलेला आणि १९७७ मध्ये फ्रान्झ बेकेनबाउअरला आणले, पाहता पाहता लीगचे संघ चोवीसवर गेले, आणि १९८४ च्या हंगामानंतर ती लीगच बंद पडली.

पैसा ओतणे आणि पाया घालणे यांतील फरक जपान व चीन यांच्या तुलनेतून सर्वाधिक स्पष्ट होतो. जपानची जे-लीग १९९३ मध्ये दहा क्लबांनिशी सुरू झाली तेव्हा तिनेही ब्राझीलचा झिको आणि इंग्लंडचा गॅरी लिनेकर यांच्यासारख्या उतारवयातील ताऱ्यांना मोठ्या रकमा दिल्या. परंतु प्रवेशासाठी तिने घातलेल्या अटी वेगळ्या होत्या: प्रत्येक क्लबचे एक निश्चित गाव असावे, क्लबच्या नावात मालक कंपनीचे नाव नसावे, किमान १५,००० प्रेक्षकांचे मैदान असावे आणि क्लबने स्वतःचे युवा संघ चालवावेत. तोवर जपानी फुटबॉल कंपन्यांच्या संघांचे होते. या अटींनी ते गावांचे केले. झिको १९९१ मध्ये ज्या काशिमा गावात आला ते पोलाद कारखान्याभोवती वसलेले एक छोटे ठिकाण होते, आणि तेथील कंपनीच्या संघातून घडलेला काशिमा अँटलर्स पुढे देशातील सर्वांत यशस्वी क्लब ठरला.

जपानमध्येही ओघ आटला. ऑक्टोबर १९९८ मध्ये योकोहामा फ्लुगेल्स या क्लबच्या दोन आश्रयदात्यांपैकी एका बांधकाम कंपनीने हात आखडता घेतला आणि क्लबचे त्याच शहरातील प्रतिस्पर्धी संघात विलीनीकरण जाहीर झाले. या खचलेल्या संघाने १ जानेवारी १९९९ रोजी आपल्या अखेरच्या सामन्यात प्रतिष्ठेचा सम्राट चषक जिंकला. त्याच्या पाठीराख्यांनी विलीनीकरण मान्य केले नाही; त्यांनी एकत्र येऊन योकोहामा एफसी हा नवा क्लब उभारला आणि तो २००७ मध्ये सर्वोच्च श्रेणीत खेळला. १९९८ पासूनच्या प्रत्येक विश्वचषकात जपानचा संघ खेळत आला आहे आणि २०२२ मध्ये त्याने जर्मनी व स्पेन या दोघांनाही हरवले.

याच्या अगदी उलट प्रसंग चीनमध्ये घडला. सुनिंग या किरकोळ विक्री क्षेत्रातील कंपनीच्या मालकीचा जिआंगसू क्लब नोव्हेंबर २०२० मध्ये प्रथमच चिनी सुपर लीगचा विजेता झाला आणि चार महिने उलटण्यापूर्वी, २८ फेब्रुवारी २०२१ रोजी, त्याचे कामकाज थांबले. चिनी क्लबांचे मालक बहुतांशी गृहबांधणी व तत्सम उद्योगांतील समूह होते. शासनाला फुटबॉल प्रिय आहे हे ओळखून त्यांनी पाण्यासारखा पैसा ओतला. शांघायच्या क्लबने तर २५ वर्षांच्या ऑस्करसाठी जानेवारी २०१७ मध्ये चेल्सीला सुमारे ६ कोटी युरो मोजले. हा पैसा तिकिटांतून किंवा प्रक्षेपणाच्या हक्कांतून आलेला नव्हता, तर मालकांच्या कर्जावर उभ्या असलेल्या भरभराटीतून आला होता. शासनाला स्वतःलाच त्याची चिंता वाटली आणि २०१७ मध्ये नियम झाला की तोट्यातील क्लबने साडेचार कोटी युआनांहून महाग परदेशी खेळाडू घेतल्यास तितकीच रक्कम युवा विकासनिधीत भरावी. उपाय रास्त होता, पण तोवर उशीर झाला होता. एव्हरग्रांद समूहाच्या बळावर आठ वेळा लीग आणि दोनदा आशियाई विजेतेपद मिळवणारा ग्वांगझू क्लब समूहाच्या दिवाळखोरीनंतर जानेवारी २०२५ मध्ये विसर्जित झाला. या साऱ्या काळात चीनचा पुरुष संघ एकदाही विश्वचषकाला पात्र ठरला नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, हा न्याय खेळालाही लागू पडतो.

सौदी अरेबियाला या दोन टोकांपैकी कोणत्या बाजूस ठेवावे, याचा निर्णय घाईने करता येत नाही. तेथे फुटबॉलची आवड उसनी नाही. १९९४ च्या विश्वचषकात सौदी संघ बाद फेरीपर्यंत पोहोचला होता आणि २०२२ मध्ये मायदेशातच खेळणाऱ्या खेळाडूंच्या जोरावर त्याने अर्जेंटिनाला २-१ असे हरवले होते. जून २०२३ मध्ये तेथील सार्वजनिक गुंतवणूक निधीने, म्हणजे तेलाच्या संपत्तीवर उभ्या असलेल्या सरकारी निधीने, चार प्रमुख क्लबांत प्रत्येकी ७५ टक्के हिस्सा घेतला आणि त्या उन्हाळ्यात सौदी क्लबांनी परदेशी खेळाडूंच्या हस्तांतरणावर सुमारे ८८ कोटी डॉलर खर्च केले. नेमारसाठी अल हिलालने सुमारे ९ कोटी युरो दिले आणि दुखापतीमुळे तो क्लबकडून केवळ सात सामने खेळू शकला. हा निधी एखाद्या खासगी कंपनीप्रमाणे कर्जात बुडण्याचा संभव कमी आहे. मात्र राज्यकर्त्यांची प्राथमिकता बदलली तर तो आखडता घेतला जाईलच. सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय संघाचे तत्कालीन प्रशिक्षक रॉबेर्तो मांचिनी यांनी सौदी खेळाडूंना आपापल्या क्लबांत पुरेसे सामने मिळत नसल्याची तक्रार केली, ती या दृष्टीने गंभीर आहे. ज्या संघाने अर्जेंटिनाला नमवले त्याचेच वारसदार राखीव बाकावर बसणार असतील, तर हा खर्च पायाच पोखरतो.

येथे आणखी एक मुद्दा टाळता येण्यासारखा नाही. खेळाच्या झगमगाटाने एखाद्या राजवटीच्या मानवाधिकारविषयक वर्तनावरचे लक्ष हटवण्याच्या प्रयत्नाला ‘स्पोर्ट्सवॉशिंग’ म्हटले जाते, आणि सौदी गुंतवणुकीवर हा आक्षेप सर्वाधिक घेतला जातो. २०३४ चा विश्वचषक सौदी अरेबियात होणार आहे आणि त्यासाठीचे बांधकाम भारत, नेपाळ, बांगलादेश येथील स्थलांतरित कामगारांवाचून उभे राहणार नाही. आखाती देशांत दीर्घकाळ रूढ असलेल्या ‘कफाला’ पद्धतीत परदेशी कामगाराचा निवास परवाना मालकाशी बांधलेला असतो आणि त्याच्या संमतीशिवाय नोकरी बदलणे अत्यंत कठीण होते. फ्रँकलिनच्या काळातील इंग्रज क्लब खेळाडूला ज्या रीतीने जखडून ठेवत होते तिच्याशी या पद्धतीचे नाते उघड आहे. मैदानात उतरणाऱ्या श्रमिकाला आज जगातील सर्वोच्च मोबदला मिळतो, ही त्याच्या पूर्वसूरींच्या लढ्याची फलश्रुती आहे. ते मैदान बांधणाऱ्या श्रमिकाला किमान मालक बदलण्याचे स्वातंत्र्य मिळावे, ही मागणी फुटबॉलप्रेमींनी लावून धरायला हवी.

युरोपीय क्लबांचा तक्रारीचा सूरही तपासून घेतला पाहिजे, कारण आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील होतकरू मुले उचलून नेण्याचे काम त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. या व्यवहारात मूळ क्लबचा विसर पडू नये म्हणून फिफाने एकता निधीची तरतूद केली आहे. तिच्यानुसार हस्तांतरण शुल्कातील ५ टक्के रक्कम खेळाडूला वयाच्या १२ ते २३ वर्षांच्या दरम्यान घडवणाऱ्या क्लबांत वाटली जाते. १५ व्या वर्षापर्यंतच्या प्रत्येक हंगामाला शुल्काचा ०.२५ टक्के आणि त्यापुढील प्रत्येक हंगामाला ०.५ टक्के असा वाटा पडतो. नेमार ज्या सान्तोस क्लबात लहानाचा मोठा झाला त्याला या मार्गाने त्याच्या प्रत्येक महागड्या हस्तांतरणातून काही ना काही मिळत गेले. वेतनावर मात्र असा कोणताही अधिभार नाही. त्यामुळे रोनाल्डोप्रमाणे करारमुक्त खेळाडू शुल्काविना नव्या क्लबात गेला आणि त्याला अवाढव्य पगार मिळाला, तर त्याला घडवणाऱ्यांच्या पदरी काहीच पडत नाही. अतिशय मोठ्या वेतनांवरही अशा निधीची आकारणी व्हावी, हा विचार आता गांभीर्याने व्हायला हवा.

महाराष्ट्र आणि गोव्याला हा सारा इतिहास परका नाही. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा मुंबईत निकोलस अनेल्का व फ्रेडी ल्युंगबर्ग, पुण्यात दाविद त्रेझेगे आणि गोव्यात रोबेर पिरेस अवतरले. एफसी गोवाच्या प्रशिक्षकपदी तर काशिमाला घडवणारा झिकोच आला. त्यानंतरच्या पाच वर्षांत एफसी पुणे सिटी इतिहासजमा झाला, आणि पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवणारा धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या गोव्याच्या जुन्या क्लबांनी २०१६ मध्ये राष्ट्रीय आय-लीगमधून माघार घेतली. २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगच्या व्यापारी हक्कांचा करार संपत आला, नूतनीकरण रखडले आणि हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही. त्याच अनिश्चिततेत ऑक्टोबर २०२५ मध्ये फातोर्ड्याच्या मैदानावर अल नस्र रोनाल्डोविना खेळायला आला. एफसी गोवा १-२ असा हरला, पण यजमानांचा तो एकमेव गोल गोव्याच्याच ब्रायसन फर्नांडिसचा होता.

म्हणूनच कोणत्याही नव्या लीगचे मूल्यमापन तिने किती मोठी नावे आणली यावर करू नये. तिच्या खर्चातील किती वाटा प्रशिक्षक घडवण्यावर, कुमार गटाच्या स्पर्धांवर आणि गावोगावच्या मैदानांवर जातो, आणि आश्रयदाता निघून गेला तर क्लब चालू ठेवणारे लोक त्या गावात आहेत का, यावर ते व्हावे. तारे जरूर आणावेत, त्यांना त्यांचे मोलही द्यावे. परंतु त्यांच्या वेतनावर खर्च होणाऱ्या प्रत्येक रकमेचा ठरावीक हिस्सा मुलांच्या फुटबॉलसाठी बाजूला काढणे लीगच्या नियमांतच बंधनकारक असावे. भारतीय लीगची घडी नव्याने बसवणाऱ्यांनी निदान ही अट पहिल्या दिवसापासून लिहून घ्यावी.