वानवळा खुशीचा, माल दामाचा



श्रावण-भादव्यात परसातला दोडका, कारली आणि कपाशीतली चवळी, भेंडी घराला पुरून उरते. एका घराने खाऊन खाणार किती? मग टोपली शेजारी जाते, लेकीच्या सासरी जाते, सालगड्याच्या घरी जाते. याला आपण वानवळा म्हणतो. आलेले भांडे रिकामे परत पाठवायचे नाही, ही त्याची रीत. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी घरोघर शिजते, तीसुद्धा एकाच घराच्या वावरातून क्वचितच पुरी होते. कुणाची वांगी, कुणाचे हरभऱ्याचे घाटे, कुणाच्या वालाच्या शेंगा, असे मिळून ते पातेले भरते.

शिकलेली माणसे याला खेडुतांचा भाबडेपणा म्हणतात. आमच्या मते हा चोख व्यवहार आहे. पाच किलो दोडके घेऊन तालुक्याला गेले, तर एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी त्यातून निघत नाही. घरात ठेवले तर सुकून जातात. शेजाऱ्याच्या ताटात गेले तर मात्र ती ठेव होते. कोरडवाहू मुलखात पाऊस एका शिवारावर पडतो, बांधापलीकडे पडत नाही. ज्याचा वेल यंदा वाळला त्याला यंदा आपण द्यायचे. पुढच्या साली तो देईल. या ठेवीला पासबुक नाही, व्याज नाही आणि जप्तीही नाही.

पण वानवळा कशाला म्हणायचे, हे पक्के ध्यानात ठेवले पाहिजे. 'देणार नाही' म्हणण्याची ज्याला मोकळीक आहे, त्याचेच देणे हे देणे. 1970 च्या दशकात ज्वारीवर लेव्ही होती. सरकारी भावाने खळ्यावरचे धान्य द्यावे लागे, मग घरातल्या कणगीत काही उरो न उरो. 1972 मध्ये कापूस एकाधिकार खरेदी आली आणि राज्याबाहेर चांगला भाव असला तरी आपला कापूस तिकडे नेणे गुन्हा ठरले. ते देणे नव्हते, ती लूट होती. हुरड्याला येणारे शहरातले पाहुणे आमच्या डोक्यावर आहेत. त्यांनी पोटभर खावे, पिशवीभर न्यावे. पण आगटीजवळ बसून 'गावाकडे काय, सगळे फुकटच' असे म्हणू नये आणि डाळ-कांदा महागला की निर्यातबंदीची मागणी करू नये. आमच्या हाताच्या ढिलेपणावरून कुणी आमच्या मालाचा भाव ठरवू नये.

आता चिंता दुसरीच आहे. देणारा हातच रिकामा होत चालला आहे. कपाशीच्या तासांत पूर्वी चवळी, अंबाडी, भेंडी, वाळूक असे. वेचणीला, निंदणीला आलेली बाई संध्याकाळी ओटीत भाजी घेऊन जाई. निंदणीची मजुरी परवडेना म्हणून तणनाशक आले. परवडत नाही हे खरेच आहे. त्यासाठी कुणा शेतकऱ्याला आम्ही दोष देणार नाही. पण तणनाशकाला तण आणि अंबाडी यांतला भेद कळत नाही. दहा एकरांचा मालक आज आठवडी बाजारात भेंडीचा भाव विचारतो आणि मजूर बाईची ओटी रिकामी राहते. म्हाताऱ्या माणसांनी राखेत घालून ठेवलेले बियाणेही त्यांच्याबरोबर संपत आहे.

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे. पुढच्या खरिपात धुऱ्याकडची चार तासे फवारणीशिवाय ठेवा. तिथे काय पेरायचे ते घरच्या लक्ष्मीला ठरवू द्या. मेळाव्याला येताना घरचे चिमूटभर बियाणे पुडीत बांधून आणा आणि दुसऱ्या गावची पुडी घेऊन जा. पिकल्यावर पहिला वानवळा ज्याला जमीन नाही त्याच्या घरी पोचवा.

आणि कापूस, तूर, ज्वारी बाजारात नेताना तोच हात आखडता घ्या. तिथे घामाचे दाम मोजून घ्या. घरी चार पैसे उरले, तरच उद्या टोपली भरेल.